करडीचे गरम प्लग

नीवेसच्या हातात सुई असो की स्पार्क प्लग, ती आधी वस्तू उजेडाकडे धरते, एक डोळा मिटते आणि ओठ आत ओढून घेते. आमच्या पिएव्हे गावातल्या निम्म्या बायकांनी तिच्याकडून कपडे शिवून घेतलेत, त्यामुळे सुई ओवतानाचा हा चेहरा गावाला माहीत आहे. प्लग बघतानाचा फारसा कोणी पाहिलेला नाही. मी पाहिला आहे, कारण माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिच्या अंगणावर उघडते, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा बराचसा दिवस त्या खिडकीशी जातो.

तिचा नवरा एर्मेस खोऱ्यातली बस चालवायचा. आठवडाभर म्हाताऱ्या बायका, कोंबड्यांच्या टोपल्या आणि शाळेची पोरं घेऊन तो सावकाश डोंगर चढायचा आणि सावकाश उतरायचा. एखादी म्हातारी लांबून येताना दिसली तर तिच्यासाठी बस थांबवून ठेवायचा. शनिवारी दुपारी मात्र त्याच्यात दुसराच माणूस शिरायचा. तो गॅरेजचं दार उघडायचा आणि करडीला बाहेर काढायचा.

करडी म्हणजे मिलानमध्ये बनलेली, साठच्या दशकातली, दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. रंग चुलीतल्या राखेचा. एका दंतवैद्याने ती भिंतीवर घातली होती आणि बायकोच्या धाकाने मिळेल त्या भावात काढून टाकली होती. नीवेस सांगते, की लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती गाडी नव्हतीच, अंगणभर मांडलेला भंगारबाजार होता, आणि दोरीवर कपडे वाळत घालायला तिला गिअरबॉक्सवरून उडी मारून जावं लागायचं.

गाडी उभी राहिली तेव्हा दोघांनी कामं वाटून घेतली. इंजिन, कार्बोरेटर, ब्रेक सगळं एर्मेसचं. प्लग नीवेसचे. एर्मेसची बोटं जाड. प्लगच्या टोकाशी जी बारीकशी वाकडी काडी असते, ती केसभर वाकवून फट नेमकी करायची असते, आणि तो वाकवायला गेला की काडी एकदम मध्येच जाऊन टेकायची. नीवेस ते काम शिंप्याच्या हाताने करायची. फीलर गेजचं पातळ पातं फटीतून घालून बघायची. "सहज गेलं तर फट जास्त," ती मला एकदा म्हणाली होती. "घट्ट विणीच्या कापडातून सुई जाते ना, मास्तर, तसं किंचित अडून जायला हवं." मग पितळी ब्रशने आटे साफ करायचे, आट्यांवर ग्रीसचा नुसता हात फिरवायचा, आणि प्लग आधी बोटांनीच फिरवत बसवायचा. पाना अगदी शेवटी, तोही हलक्या हाताने. करडीचं इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं आहे. पोलादी प्लग त्यात वाकडा घुसला किंवा जोर लावून आवळला, की आटे गेलेच.

आणि रंग. प्लग बाहेर काढला की त्याच्या टोकाकडे बघून इंजिनाची तब्येत कळते. काळी कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय किंवा इंजिन पुरेसं तापतच नाही. खडूसारखा पांढरा असला तर फार तापतंय. तेलकट असला तर खर्च आला. आणि सगळं जुळून आलं असलं तर टोकाचा रंग असतो हेझलनटच्या सालीचा, फिकट तपकिरी.

हा रंग आमच्या गावात फार मानाचा. जुलैत सान क्रिस्तोफोरोच्या, म्हणजे प्रवाशांच्या राखणदार संताच्या, सणाला खोऱ्यातल्या सगळ्या जुन्या गाड्या चौकात येतात. अल्चेस्ते पाद्रीबाबा प्रत्येक गाडीवर पाणी शिंपडतात, मग चालत्या माणसाच्या वेगाने देवळाला एक फेरी होते आणि त्यानंतर सगळ्या कोर्वोच्या घाटाला लागतात. माथ्यावर इव्होनची खानावळ आहे. तिथे पोचल्यावर जेवणाच्या आधी प्रत्येक जण आपल्या इंजिनातला एक प्लग काढतो आणि बाहेरच्या दगडी कठड्यावर, पांढऱ्या रुमालावर ठेवतो. मग गॅरेजवाला ओद्दो पाठीमागे हात बांधून त्या रांगेवरून चालत जातो. ज्याचा रंग हेझलनटच्या सर्वांत जवळ, त्याला इव्होनकडची सलामी, म्हणजे वाळवलेल्या मांसाची जाड कांडी, मिळते. बाकीच्यांना ओद्दोची जीभ मिळते.

"हा प्लग आहे की तुझ्या चिमणीतला बोळा?"

"अरे, हा किती पांढरा! चढताना इंजिनाने पाणी मागितलं नाही का रे तुझ्याकडे?"

एर्मेसला सलामी इतक्यांदा मिळाली, की ओद्दो त्यातली अर्धी खातो असं लोक उघड म्हणायचे. खरी गोष्ट वेगळी होती. एर्मेसकडे दोन प्रकारचे प्लग होते. गरम प्लग आपली उष्णता टोकाशी धरून ठेवतो, त्यामुळे संथ गतीतही काजळी जाळत राहतो. थंड प्लग उष्णता लगेच इंजिनाला देऊन टाकतो, त्यामुळे जोराच्या चढावरही टोक लाल होत नाही. चौकात उभं राहायला आणि देवळाच्या फेरीला गरम प्लग हवा. घाटाला थंड. गरम प्लगवर घाट दामटला तर टोक निखाऱ्यासारखं होतं, ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं, आणि शेवटी पिस्टनला भोक पडतं. थंड प्लग घालून चौकात उभं राहिलं तर पाद्रीबाबांचं पाणी पडेपर्यंत काजळी धरून गाडी खोकायला लागते.

म्हणून घाटाच्या पायथ्याला, धुण्याच्या दगडी हौदापाशी, एर्मेस थांबायचा. बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जायच्या. तापलेल्या डोक्यातून प्लग काढले तर आटे त्यांच्याबरोबर निघून येतात, म्हणून इंजिन निवेपर्यंत दोघं हौदाच्या कडेवर बसून राहायची. नीवेसने आणलेला पाव आणि मोर्तादेल्ला, म्हणजे मांसाचे गार काप, खायची. मग ती प्लग बदलायची, काढलेले गरम प्लग डब्यात ठेवायची, आणि दोघं सगळ्यांच्या मागून वर यायची. दर वर्षी शेवटी. मला वाटतं, तो थांबा तिला सलामीपेक्षा मोठा होता. खोऱ्यातल्या प्रत्येक म्हातारीसाठी थांबणारा तिचा नवरा तेवढा वेळ फक्त तिच्यासाठी थांबलेला असायचा.

एर्मेस गेला तो एका फेब्रुवारीत, बस डेपोच्या जिन्यावर, अचानक. मुलगा लोरिस तोरिनोत विमा कंपनीत नोकरीला. माझाच विद्यार्थी. हुशार, थोडा घाईचा, मनाने चांगला. दफन झाल्यावर तो अंगणात उभा राहून आईला म्हणाला, "आई, करडीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"नुसती उभी ठेवलीस तर मरून जाईल गं ती. बाबाच म्हणायचे ना? उभी गाडी मरते. तू चालवणार असलीस तर राहू दे. लायसन्स आहे तुझ्याकडे. नाही तर ज्याला चालवायची हौस आहे त्याला देऊन टाकू."

"चालवीन की," नीवेस म्हणाली.

लायसन्स होतं. पण करडीच्या स्टिअरिंगला तिने फडक्याखेरीज कधी हात लावलेला नव्हता.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, देवळातली प्रार्थना सुटल्यावर, मी कॉफी उकळत ठेवली होती आणि खाली करडी सुरू झाली. मी खिडकीशी गेलो. गॅरेजचं दार उघडं होतं, गाडी अर्धी बाहेर, उन्हात. नीवेसने उजव्या बाजूने आत वाकून किल्ली फिरवली होती. मग ती उजव्या आसनावर बसली, म्हणजे तिच्या नेहमीच्या. पर्स मांडीवर, हात पर्सवर. डावं, चालवणाऱ्याचं आसन रिकामं. इंजिन चालू, फाटक बंद. ती अशी समोर बघत बराच वेळ बसून राहिली. मग उतरली, इंजिन बंद केलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी ती पायऱ्यांवर बसून वाटाणे सोलत लोरिसशी फोनवर बोलत होती, ते मला ऐकू आलं. "हो रे. पुलापर्यंत जाऊन आले."

मग हे दर रविवारी होऊ लागलं. तो आवाज माझ्या आठवड्याचा भाग झाला. त्यावर मी कॉफी लावायचो. कधी कधी लोरिस मला फोन करायचा. "मास्तर, आई खरंच चालवते ना करडी?" मी सांगायचो, की दर रविवारी इंजिनाचा आवाज येतो. त्याला तेवढं पुरायचं. पुरावं असं त्यालाही वाटत असणार.

पण जागेवर चालणाऱ्या इंजिनाला काजळी धरतेच. नीवेसने डब्यातले गरम प्लग घातले, थंड प्लग एर्मेसने बांधून ठेवले होते तसेच कागदात राहू दिले. दर शनिवारी ती प्लग काढून ब्रशने घासायची. पुढे पुढे गरम प्लगही पुरेनात, करडी ठोके चुकवायला, मिसिंग करायला लागली. तेव्हा ती ओद्दोच्या गॅरेजात गेली. मी माझ्या सायकलची चेन घेऊन तिथेच बसलो होतो.

"ओद्दो, याच्याहून गरम असतात का रे?"

ओद्दोने प्लग हातात घेतला, त्यावरचा आकडा वाचला, तिच्याकडे बघितलं. बालपणापासून तो तिला ओळखतो. एकाच बाकावर बसायची दोघं.

"कुठपर्यंत नेतेस?"

"पुलापर्यंत."

"हं." त्याने फळीवरून खोकं काढलं आणि प्लग एकेक करून टेबलावर ठेवले. "पुलापर्यंत हे चालतील. पण हे घालून चुकूनही घाट चढू नकोस. इंजिनाची शेगडी होईल."

"मी कशाला घाटात जाते?"

"तेच म्हणतोय मी," ओद्दो म्हणाला, आणि माझ्या सायकलच्या चेनला उगाच शिव्या देऊ लागला.

अशी चार वर्षं गेली. या वर्षी जूनमध्ये लोरिसचा फोन आला. सान क्रिस्तोफोरोला तो येणार होता. नीवेसने मला अंगणातूनच हाक मारून खाली बघायला लावलं.

"मास्तर, येतोय तो. म्हणतो, करडीला घाटावर नेऊ या. छान चढली तर तुझीच. नाही तर तोरिनोत त्याच्या ओळखीचा कोणी तयार आहे म्हणे घ्यायला. तुम्ही खाली या जरा."

मी खाली गेलो. गॅरेजच्या फळीवर गरम प्लगांचं खोकं आणि शेजारी कागदात बांधलेले थंड प्लग ठेवलेले होते.

"थंड घातले तर चौकातच बंद पडेल," ती म्हणाली. "गरम ठेवले तर घाटात जळेल. चालवणार तो, आणि तो बापासारखाच दामटणार."

"मग पूर्वीसारखं हौदापाशी बदला."

"का बदलायचे म्हणून विचारेल ना!"

"सांगा, तुझे बाबा तिथे बदलायचे. खोटं थोडंच आहे?"

तिने मान हलवली. ते तिला पटलं. सणाच्या आदल्या दिवशी मी खिडकीतून बघत होतो. तिने गरम प्लग काढून इतके घासले, की टोकं नव्यासारखी दिसायला लागली. एकेक उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघत होती. खोटं उघडं पडू नये म्हणून कोणी प्लग घासताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सणाच्या दिवशी चौकात करडी उन्हात उभी होती आणि एकसारखी गुरगुरत होती. पाद्रीबाबांनी इतकं पाणी शिंपडलं, की लोरिसने चष्मा पुसला. "आई, काय सुंदर ठेवली आहेस गं!" तो म्हणत होता. "आवाज तर ऐक! मी आपला उगाच विकायचं म्हणत होतो." नीवेस उजव्या आसनावर बसली होती. डोक्याला हिरवा रुमाल, मांडीवर डबा आणि पावाची पिशवी. ती हसली, पण रुमालाच्या गाठीशी तिचा हात सारखा जात होता.

मी ओद्दोच्या व्हॅनमध्ये होतो. तो दर वर्षी सर्वांत शेवटी राहतो, वाटेत कोणाची गाडी बंद पडली तर ओढायला. हौदापाशी करडी थांबलेली दिसली तसा ओद्दोही थांबला. बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत वर निघून गेल्या, आणि त्यांचा आवाज वळणाआड गेल्यावर फक्त हौदात पडणारं पाणी ऐकू यायला लागलं.

"आई म्हणते बाबा इथे प्लग बदलायचे," लोरिस उतरत म्हणाला. "मला ठाऊकच नव्हतं. दे पाना."

"आत्ता नाही. निवू दे आधी."

"किती वेळ?"

"हात ठेवता येईपर्यंत."

"सगळे वर जेवायला बसतील, आई!"

"बसू देत. इव्होन पळून नाही जात. पाव खा."

आम्ही चौघं हौदाच्या कडेवर बसलो. पाव, मोर्तादेल्ला, हौदातलं गार पाणी. ओद्दोने तोरिनो आणि तिथल्या पातळ कॉफीवर चार टोमणे मारून घेतले. लोरिस घड्याळ बघत होता, मग बघेनासा झाला. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. बसलेला असताना तो अगदी एर्मेससारखा दिसतो, पाठीला तेवढाच पोक.

इंजिन निवल्यावर त्यानेच पाना घेतला. "मी काढतो. तू सांग." नीवेस काही म्हणायच्या आत त्याने पहिला प्लग सैल केला, बोटांनी फिरवत बाहेर काढला, आणि त्याने तो उजेडाकडे धरला. एक डोळा मिटला. ओठ आत ओढले. हा चेहरा तो कधी शिकला, हे त्यालाही माहीत नसेल.

टोक स्वच्छ होतं. पण टोकाच्या आत, पांढऱ्या चिनीमातीच्या आणि पोलादाच्या मधल्या बारीक गाळ्यात, जिथे ब्रशचे केस पोचत नाहीत, तिथे मखमलीसारखी दाट काजळी बसलेली होती. खूप दिवसांची, थरावर थर. त्याने काडेपेटीतली एक काडी आत घातली. काळी होऊन बाहेर आली. त्याने दुसरा प्लग काढला. तिसरा. सगळ्यांत तेच. मग त्याने प्लगवरचा आकडा वाचला.

"ओद्दो," तो म्हणाला, "इतका गरम प्लग कोण घालतं?"

ओद्दो पाण्याकडे बघत राहिला.

"आई, ही गाडी पुलापर्यंत जात होती का?"

नीवेसने पिशवीतले पावाचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तेव्हा ओद्दोच पुढे झाला.

"अरे, जाते की नाही कसलं विचारतोस! कार्बोरेटर आहे तो. पेट्रोल जास्त सोडतोय. जुना झालाय, लावून घेतला पाहिजे. तेवढ्यानेही काजळी धरते. उद्या आण गॅरेजात, मी बघतो."

हे अगदी पटण्यासारखं होतं. असं खरोखर होतं. लोरिसचा चेहरा सैल झाला, त्यालाही ते मानायचं होतं हे स्पष्ट दिसलं. नीवेसने नुसतं "हो, बघायला हवा" म्हटलं असतं तरी करडी त्या दिवशी तिची झाली असती.

तिने पिशवी बाजूला ठेवली.

"कार्बोरेटर ठीक आहे, ओद्दो. त्याला नाव ठेवू नकोस."

"अगं, मी म्हणतो..."

"एर्मेसने लावलेला आहे तो. त्याच्या हातचा आहे. एक थेंब जास्त सोडत नाही." मग ती मुलाकडे वळली. "मी नाही चालवली रे. फाटकाबाहेरसुद्धा नेली नाही. सुरू करते आणि शेजारी बसते. बस्स."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"आणि पूल?"

"पूल फोनवरचा."

लोरिसने प्लग रुमालात ठेवले. कितीतरी वेळ तो हात धूत राहिला, ग्रीस निघून गेल्यावरही. वर घाटात कोणीतरी लांबवर हॉर्न वाजवत होतं, बहुधा आम्ही कुठे राहिलो म्हणून.

"बाबांचे थंड प्लग कुठे आहेत?" शेवटी तो म्हणाला.

तिने डब्यातला कागद काढून दिला. एर्मेसने शिवणाच्या दोऱ्याने बांधला होता, त्याच्या जाड बोटांची गच्च गाठ. लोरिस ती सोडवायला बघत होता. नीवेसने पिशवीतून छोटी कात्री काढली, क्षणभर हातात धरली, आणि दोरा कापला. मग ती स्वतः उठली, चारही प्लग एकेक करून बोटांनी फिरवत बसवले आणि हलक्या हाताने आवळले. या वेळी तिने एकही उजेडाकडे धरून बघितला नाही.

करडी घाट सुरेख चढली. आम्ही व्हॅनमधून मागे होतो, आणि प्रत्येक वळणावर तिचा आवाज वरच्या कड्यावरून परत खाली यायचा. "ऐका," ओद्दो म्हणाला. "म्हणे कार्बोरेटर!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर मान हलवत राहिला.

वर लोरिसने प्लग काढून कठड्यावर ठेवला. ओद्दो नेहमीसारखा हात मागे बांधून आला. इतरांना त्याने नेहमीसारखं झोडपलं. करडीच्या प्लगपाशी आल्यावर तो म्हणाला, "जरा फिकट. पण हेझलनटच." सलामी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. नीवेसने टाळ्या वाजवल्या. जेवताना तिच्या ताटातली क्रेशेंतीनाची गरम भाकरी तशीच गार झाली.

विकायचा विषय कोणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी निघताना लोरिसने गॅरेजात जाऊन गरम प्लगांचं खोकं उचललं आणि आपल्या पिशवीत टाकलं.

"ते कशाला नेतोस?" नीवेस दारातून म्हणाली.

"मी नेतो. तुला नकोत आता."

"आणि रविवारी?"

"थंड प्लग आहेत तिच्यात. अंगणात उभ्या उभ्या चालणार नाही ती, तुला माहीत आहे." त्याने तिच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं. "नसेल जमत तर मला सांग, आई. फक्त पूल नको सांगूस."

मग तो गेला.

पुढच्या रविवारी प्रार्थना सुटली. मी कॉफी लावली आणि खिडकीशी गेलो. नीवेसने गॅरेजचं दार उघडलं. उजव्या दाराशी गेली, दार उघडलं, आत वाकून किल्ली फिरवली. करडी सुरू झाली. ती आत बसायला वळली आणि थांबली. इंजिन थोडा वेळ नीट चालत होतं. मग एक ठोका चुकला. मग आणखी एक. धुराड्यातून काळा फुत्कार निघाला. ती तशीच उघड्या दारापाशी उभी, हात दारावर. मला वाटलं, ती आता बंद करेल. बंद केली असती तर मला नवल वाटलं नसतं.

तिने दार लावलं. पुढून वळसा घालून फाटकापाशी गेली, फाटक उघडलं, परत आली आणि डाव्या बाजूने बसली. गिअर करकरला. गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि फाटकातून बाहेर पडली. आवाज देवळापर्यंत ऐकू आला, मग नाही.

माझी कॉफी उतू गेली होती. अंगणात गॅरेजचं दार उघडं, जमिनीवर तेलाचा डाग, दोरीवर तिचा ॲप्रन. इतकी वर्षं मी समजत होतो, की त्या आवाजाने तिचा रविवार भरत असतो.

ती परत आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. इंजिन निवेपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. मग एक प्लग काढला आणि माझ्या खिडकीखाली आली.

"बघा, मास्तर."

"काळा आहे," मी म्हणालो.

"काळाच असणार. पुलापर्यंत जाऊन काय होतं?" तिने रुमालाने मान पुसली. हातावर स्टिअरिंगचे लाल वळ उठलेले होते. "आणि तिथे वळवताच येईना. पुलाच्या पुढे मोन्तानारीच्या शेतापर्यंत जावं लागलं. त्याचा कुत्रा गाडीमागे धावला. मोन्तानारी म्हणतो, कोणाला शोधताय?"

"मग?"

"म्हटलं, रस्ता मोठा आहे का कुठे ते शोधतेय." ती हसली, मग प्लगकडे बघत राहिली. "अंगणात इतकं एकटं वाटत नव्हतं, मास्तर. उजवीकडे बसलं की वाटायचं, तो काहीतरी आणायला उतरलाय. येईल. आता मीच चालवतेय म्हटल्यावर कोणी यायचं उरत नाही."

मी कॉफी पुन्हा लावतो म्हणालो. ती म्हणाली, नको, फट बघायची आहे.

"पुढच्या रविवारी?" मी विचारलं.

तिने प्लग उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला.

"हौदापर्यंत तरी जायला हवं. हा रंग ओद्दोने बघितला तर वर्षभर बोलेल."